स्वमग्न मूल, त्याचे ताट आणि आपली धाव

१९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. ती मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीतून येते. आईच्या मायेतील उणिवेतून नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे.

अशी पुष्कळ मुले स्पर्श, वास व रंग पाहून मोजकेच पदार्थ खातात. हा हट्ट नव्हे. गहू व दूध बंद केल्याने स्वमग्नता जाते, यास भक्कम पुरावा नाही. उलट कॅल्शियम व प्रथिने कमी पडण्याची भीती असते. आपल्या वाशीमकडील ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण यांतूनच, जबरदस्ती न करता, एका वेळी एकच नवा घास वाढवावा.

२००४ पासून मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक धावपटू सेवाभावी संस्थांसाठी निधी जमवितात. ४२.१९५ किलोमीटरचा पल्लाही असाच थोडाथोडा वाढवीत, पोटभर भात-भाकरी व पुरेसे पाणी घेत गाठावा लागतो.

मित्रहो, आपणही धावावे, निधी द्यावा. परंतु शेजारच्या अशा मुलाच्या आईला ‘याला वळण नाही’ असे म्हणणे आजपासूनच सोडावे.