बेकार कोण?

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६, अनुवाद २४:१४-१५, याकोब ५:४

मराठीत 'बेकार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ज्याला काम मिळत नाही तो बेकार, आणि जी वस्तू कुचकामी ठरली तीही बेकार. हे दोन अर्थ इतके एकजीव झाले आहेत की, नोकरी गेलेल्या माणसाकडे पाहताना आपण नकळत दुसरा अर्थही त्याच्या माथी मारतो. उपासनेनंतर कोणी सहज विचारतो, "सध्या काय चालले आहे?" आणि तो तरुण पुढच्या रविवारी येण्याचे टाळतो. म्हणून कामाचा व मजुरीचा विचार करताना प्रथम हा शब्द तपासून घेऊ.

१. रिकामा आणि आळशी

द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात बाजारात उभ्या असलेल्या माणसांसाठी मूळ ग्रीक शब्द 'आर्गोस' आहे. 'अ' म्हणजे नाही व 'एर्गोन' म्हणजे काम. ज्याच्या हाताला काम नाही तो आर्गोस. हाच शब्द तीताच्या पत्रात (१:१२) आळशी या अर्थाने येतो. तेव्हा कोणता अर्थ घ्यावा हे संदर्भावरूनच ठरवावे लागते, आणि येथे संदर्भ स्पष्ट आहे. ती माणसे दिवस मावळेपर्यंत बाजारातच थांबली होती. आपल्याला कोणी कामावर लावले नाही, असे ती सांगतात आणि मळ्याचा धनी ते उत्तर खरे मानतो.

पौलाचे एक वचन बेकारांच्या तोंडावर नेहमी फेकले जाते : काम न करणाऱ्याने खाऊही नये. परंतु २ थेस्सलनी. ३:१० मध्ये 'इच्छिणे' हे क्रियापद आहे. ज्याची काम करण्याची इच्छाच नाही, त्याच्याविषयी ते वचन आहे. ज्याला काम मिळत नाही त्याला ते लागू करणे म्हणजे वचनाचा विपर्यास होय.

२. बाजार रिता का असतो?

मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. बहुतांश शेती कोरडवाहू; कापूस व सोयाबीन हाती आले की गावातील काम आटोपते. दसरा-दिवाळी होताच बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते. पतिपत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो, मजुरी टनावर मोजली जाते, आणि आजारपणाने दिवस बुडाला तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर ती पुढील वर्षाच्या बोकांडी बसते.

शिकलेल्यांची स्थिती निराळी असली तरी सोपी नाही. जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८० च्या दशकापासून वाहन उद्योग वाढला. पण अनेक ठिकाणी भरती ठेकेदारामार्फत होते आणि काही महिन्यांनी माणूस पुन्हा फाटकाबाहेर येतो. हातात पदवी आहे, परंतु कोणतेही हुन्नर नाही, असा तरुण तेथे अधिकच अडतो. त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर, वेल्डर किंवा वीजतंत्री यांचा अभ्यासक्रम कमीपणाचा वाटू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात शिकत असताना विद्यावेतनही मिळू लागले.

३. मजुरी आधी ठरवा

दृष्टान्तातील पहिल्या मजुरांनी पहाटेच रोज ठरवून घेतला, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. उलट लाबानाने याकोबाचे वेतन दहा वेळा बदलले, अशी तक्रार उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायात आहे. गरजू माणसाला विचारण्याचा संकोच वाटतो, आणि त्या संकोचावरच पुष्कळांचा नफा उभा असतो. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी नम्रपणे, पण निश्चित विचारावे :

(अ) पगार कंपनी देणार की ठेकेदार? किती तारखेला? पगारपत्रक मिळेल काय?

(आ) भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार काय? खात्याचा बारा अंकी क्रमांक स्वतःजवळ ठेवावा व आपल्या वाट्याबरोबर मालकाचाही वाटा जमा होतो की नाही हे अधूनमधून पाहावे.

(इ) जादा तासांचा हिशेब कसा? कारखान्यात जादा वेळेची मजुरी कायद्याने दुप्पट आहे.

(ई) हाती काय उरेल? पुण्याजवळ चाकणला पगार अधिक दिसतो. परंतु खोलीभाडे, खाणावळ व गावी येण्याजाण्याचा खर्च वजा करून जालन्याच्या पगाराशी तुलना करावी. मोठा आकडा म्हणजे मोठी मिळकत असे नाही.

उचल घ्यावीच लागली, तर रक्कम, टनाचा दर व फेड वहीत लिहून मुकादमाची सही घ्यावी आणि पत्नीचे नावही त्यात घालावे. निम्मे श्रम तिचे असतात, पण हिशेबात तिचे नाव नसते. आगाऊ रकमेपायी माणसाला अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले आहे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत, मग तो आपल्याच मंडळीतला का असेना. आखाती देशांत जाण्याचा विचार असल्यास दलाल सरकारदरबारी नोंदणीकृत आहे काय, हे पासपोर्ट त्याच्या हाती देण्यापूर्वी तपासावे.

४. रास्त मजुरी म्हणजे किती?

हा दृष्टान्त प्रथमतः देवाच्या कृपेविषयी आहे. तो वेतनाचा कायदा नव्हे. तरीही प्रभूने निवडलेले उदाहरण अर्थपूर्ण आहे. दीनार हे एका मजुराच्या दिवसाचे वेतन. शेवटी आलेल्याने एकच तास काम केले, पण त्याच्या घरातील मुलांची भूक बाराव्या हिश्शाची नव्हती. धन्याने ती भूक जमेस धरली. नियमशास्त्रही हेच सांगते : गरीब मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. आणि कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब लिहितो. ऊसाच्या फडात ते वचन वाचून पाहावे.

आपल्या राज्यानेही एकदा या दिशेने पाऊल टाकले. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातील काही रुपये बीडच्या मजुराच्या रोजात जाऊ लागले. पुढे २००५ मध्ये संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, त्यामागे हा अनुभव होता.

५. मंडळीचे काम

धनी त्या दिवशी पाच वेळा बाजारात गेला. आपण किती वेळा जातो? प्रार्थना अवश्य करावी. परंतु मंडळीच्या फलकावर रिक्त जागांची माहितीही लावावी. मराठी ख्रिस्ती कुटुंबे आज इंदूर, भोपाळ, हैदराबाद, दिल्ली अशा अनेक शहरांत आहेत. नव्याने आलेल्या तरुणाला पहिला महिना राहायला जागा व ओळखीचा एक माणूस मिळाला, तर पुष्कळ काही होते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील मुली केडगावला आणल्या, तेव्हा अन्नवस्त्राबरोबर विणकाम, शिवणकाम व छपाईही शिकवली. त्यांनी केलेले मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. एके काळी निराधार म्हणून आलेल्या हातांची ती कामगिरी होती.

एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. आपल्यापैकी कित्येकजण स्वतः धनी आहेत. घरी भांडी घासणारी बाई, मंदिराची झाडलोट करणारा सेवक, आपल्या शाळांतील कंत्राटी शिक्षक, यांचे वेतन वेळेवर व पुरेसे जाते काय? 'ही सेवा आहे' असे सांगून मजुरी कमी देणे म्हणजे पवित्र शब्दाने मापात खोट करणे होय.

विचार व चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत सध्या कामावाचून असलेल्या किती जणांची नावे तुम्ही सांगू शकता?

२. त्यांच्यापैकी एकासाठी या महिन्यात कोणाकडे शब्द टाकाल?

३. तुम्ही ज्यांना वेतन देता त्यांचे घर त्यात चालते काय? हे त्यांना कधी विचारले आहे काय?

संध्याकाळच्या पाच वाजता बाजारात उभ्या असलेल्या माणसांना त्या धन्याने बेकार ठरवले नाही. त्याने त्यांना मळ्यात पाठवले. आपणही हे दोन अर्थ वेगळे ठेवू या : काम नाही हे दुःख आहे, माणूस मात्र कुचकामी नाही.