फाइल मिळाली, पुस्तक नाही

मला दिसत नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा ब्रेलमध्ये क्रमिक पुस्तकं मिळणार नाहीत याची कल्पना होती. सगळी मदार लॅपटॉपवर. कॉलेजनंही टाळाटाळ केली नाही. ग्रंथालयानं पेन ड्राइव्हवर पीडीएफ भरून दिल्या, रजिस्टरात ‘पुस्तके दिली’ अशी नोंद झाली. घरी येऊन एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, तर एका फाइलवर ते गप्पच. दुसरीवर सुटी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बरळायला लागलं.

पहिली फाइल म्हणजे पानांचे नुसते फोटो होते. दुसरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली. असा मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरंच असतात. मराठी छपाईत असे फाँट वर्षानुवर्षं वापरात असल्यानं हा घोटाळा सर्रास होतो. तक्रार केली तर, “आमच्याकडे तर व्यवस्थित उघडतेय.” वाचता येईल अशी फाइल सेमिस्टर सरता सरता आली. तोवर मैत्रिणीनं मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या धड्यांवर भागवलं. तिनं कोष्टकं गाळली होती, आणि पेपरात प्रश्न नेमका कोष्टकावर आला.

म्हणून सांगते, पुस्तकांची यादी प्रवेश घेतानाच मागा आणि अर्ज लेखी द्या. एक पुस्तक स्कॅन करून, अक्षरओळख सॉफ्टवेअरमधून काढून, तपासून घ्यायला कित्येक आठवडे जातात. फाइल हातात आली की त्याच दिवशी मधलं एखादं पान ऐकून पाहा. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका ऐकून समाधान मानू नका.

ग्रंथपालांसाठी तर याहून सोपी चाचणी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा. मराठी जशीच्या तशी उमटली तर बहुतेक फाइल ठीक. ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो आहे, आणि भलतीच अक्षरं आली तर फाँटची गडबड आहे. फोटोची पानं गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर निघतो. पण जोडाक्षरं चुकतात, कोष्टकं विस्कटतात. ते डोळसाला तपासावंच लागतं. प्रकरणांना हेडिंग स्टाइल दिली, तर आम्हाला एका कळीवर पुढच्या प्रकरणात जाता येतं.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करावी आणि पान बदललं की क्रमांक सांगावा. कोष्टक वाचताना आधी रकान्यांची नावं, मग आकडे. “शेजारच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे” म्हणून पुढे जाऊ नका, आकृतीत काय आहे ते दोन वाक्यांत सांगा.

“प्रकाशकाची परवानगी नाही,” हे उत्तर तर ठरलेलंच. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये याची सोय केली आहे. अपंग व्यक्तीसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी लागत नाही. नफा घ्यायचा नाही, फार तर खर्च वसूल करायचा, आणि प्रत इतरत्र जाऊ द्यायची नाही. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारतानंच. ही सवलत फक्त अंधांसाठी नाही. डिस्लेक्सियामुळे छापील अक्षर जुळत नाही किंवा हातानं पान उलटता येत नाही, अशा विद्यार्थ्यांनीही मागावं.

एखादं पुस्तक नव्यानं तयार करायला घेण्याआधी २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय धुंडाळा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या दृष्टिबाधितांच्या संसाधन केंद्राकडेही विचारून पाहा. पुस्तक तयार असेल तर सेमिस्टर वाचतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण पुस्तकाशिवाय मिळालेली जागा म्हणजे नुसता हजेरीपटावरचा क्रमांक. प्राध्यापकांनो, वर्गात वाटायच्या नोट्स आजपासून युनिकोडमध्येच टाइप करा. आणि विद्यार्थ्यांनो, धडपडून एखादं पुस्तक तयार केलंत, तर सुगम्य पुस्तकालयाशी जोडलेल्या संस्थेकडे ते जरूर द्या. पुढच्या वर्षी येणाऱ्यानं तेच पान पुन्हा स्कॅन करत बसायला नको.