उपस्थाता आणि रुग्णानुभवाचा अभ्यास

चरकाचार्यांनी रुग्णाचे जे चार गुण सांगितले, त्यांपैकी ‘निर्देशकारित्वा’चा आपण वैद्य वारंवार उच्चार करतो. ‘ज्ञापकत्व’ मात्र रोगलक्षणे सांगण्यापुरतेच मानले जाते. दिलेले औषध घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे सांगणे हाही ज्ञापकत्वाचाच भाग होय, असे आमचे मत आहे. ते ऐकून घेण्यास योग्य व्यक्ती पुष्कळदा वैद्य नसते. चतुष्पादातील उपस्थाता असते.

भरडीच्या काढ्याचेच उदाहरण घेऊ. दोन चमचे भरड, चार कप पाणी, एक कप उरेपर्यंत आटवणे, हे आपण सहज सांगून मोकळे होतो. मनीषनगरसारख्या वसाहतीत पती-पत्नी दोघेही नोकरीस जातात, कोणी मिहानमध्ये रात्रपाळी करतो. अशा घरी काढा चहासारखा एक उकळी देऊन उतरवला जातो, किंवा दोन दिवसांचा एकदम करून फ्रीजमध्ये ठेवला जातो. वैद्यासमोर रुग्ण ‘नियमित घेतो’ असेच म्हणतो; पुड्या बांधून देणाऱ्या ताईंना खरे सांगतो. हे न कळल्याने आपण मात्रा वाढवतो, कल्प बदलतो आणि अखेर व्याधी कष्टसाध्य ठरवतो.

या दिशेचा धडा विदर्भातच उपलब्ध आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीस आले. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांनी प्रेताची आठवण होते, नातलगांना जवळ राहता येत नाही, अशी उत्तरे मिळाली. त्यावरून शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या रूपात उभे राहिले व त्यास दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. पुढे नवजात बालकांच्या अभ्यासात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी निरीक्षणे नोंदवली व उपचारही केले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. नोंद अचूक होण्यास पदवी लागत नाही. प्रशिक्षण, ठरावीक पद्धत आणि नियमित पडताळणी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्या चिकित्सालयात औषध देणारे, पंचकर्म करणारे आणि नोंदणी पाहणारे असे तिघे-चौघे असतात. अभ्यासाचा प्रश्न त्यांनाच निवडू द्यावा. प्रश्न असा हवा की उत्तर काहीही आले तरी आपल्या कामात बदल करता येईल. ‘रुग्ण समाधानी आहेत काय?’ हा निरुपयोगी प्रश्न. ‘काढा घरी कोण, केव्हा, कशात करते?’ हा उपयुक्त.

वैद्याने शिकवायचे ते मुख्यतः विचारणे, आणि हेच सर्वांत कठीण आहे. ‘काढा व्यवस्थित आटवता ना?’ या प्रश्नातच उत्तर दडलेले असते. त्याऐवजी ‘काल काढा कसा केला, पहिल्यापासून सांगा’ असे म्हणावे आणि गप्प बसावे. रुग्ण चुकीची कृती सांगू लागताच ती सुधारण्याचा मोह आवरावा. एकदा उपदेश सुरू झाला की रुग्ण पुढचे खरे सांगत नाही. योग्य कृती गोष्ट पूर्ण झाल्यावर समजावावी. (हा मोह सेवकांपेक्षा वैद्यांनाच अधिक होतो, म्हणूनही वैद्याने या संभाषणापासून दूर राहावे.) उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. ‘कडू लागते म्हणून अर्धा ओततो’ हे वाक्य ‘अनियमित सेवन’ या शेऱ्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

आठ-दहा रुग्णांशी बोलणे झाल्यावर सर्वांनी एकत्र बसून नोंदी मोठ्याने वाचाव्यात. तद्विद्यसंभाषेचे महत्त्व आपण जाणतोच; येथे उपस्थाता हाच तद्विद्य. एवढ्या नोंदींवरून टक्केवारी काढू नये, अडचण कोठे आहे तेवढे पाहावे. मग एकच बदल करावा, जसे भरडीसोबत मापाचा पेला देणे किंवा रात्रपाळीच्या रुग्णास काढ्याऐवजी वटी योजणे, आणि महिन्याने पुन्हा विचारावे.

रुग्णाची संमती आधी घ्यावी, नकार दिल्यास उपचारांत फरक पडणार नाही हे सांगावे आणि वहीत नाव लिहू नये. मात्र रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या चालू गोळ्या रुग्णाने परस्पर बंद केल्याचे कळले, तर ते बैठकीपर्यंत राखून ठेवू नये. रुग्णास तसे सांगून त्याच दिवशी वैद्याच्या कानावर घालावे.