चित्रकथेतील वीर आणि भाषेचा तास

१९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मालिका १९९० साली बंद पडली. तिचा जुना मराठी अंक मिळाल्यास शिक्षकबंधुभगिनींनी तो वर्गात अवश्य न्यावा. जादूगार मँड्रेकचे संमोहन व लोथारचे बाहुबल एकमेकांचे उणे भरून काढतात, हीच त्यातील गोडी.

मुरूडकडील एका शाळेत मी या दोघांची होडी अष्टमीच्या ओहोटीस खाडीच्या गाळात रुतविली. मुले जादू व बळच सुचवीत राहिली. एरवी मुका बसणारा कोळ्याचा मुलगा मात्र म्हणाला, "गुरुजी, अष्टमीला भांगाची भरती, पाणी पुरायचं नाय. पुनवेच्या उधाणापर्यंत थांबायला हवं."

त्यास तिसरा वीर केला. कोळीवाड्यातील ते सात दिवस त्याने स्वहस्ते चार पानांत लिहिले. शुद्धलेखन मी नंतर पाहिले.