बॅटरीचा छोटा ट्रॅक्टर उतारावर नेण्याआधी

जळगाव जामोद तालुक्याचं रान दोन तऱ्हांचं. पूर्णा नदीकडे सपाट काळी, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची चढउताराची मुरमाड वावरं. सपाटीवर ट्रॅक्टर शिकलेला गडी पायथ्याच्या बागेतून भरली ट्रॉली घेऊन उतरतो, तेव्हा त्याला ब्रेकची खरी ओळख होते. ती त्याआधीच व्हायला हवी. डिसेंबर २०२० मध्ये सोनालिकाचा टायगर इलेक्ट्रिक आला, तेव्हापासून बॅटरीच्या ट्रॅक्टरची चौकशी वाढते आहे; पण डिझेलची सवय या यंत्राला जशीच्या तशी लागू पडत नाही.

अक्षय्य तृतीयेला भेंडवळ गावची पीकपाण्याच्या अंदाजाची घटमांडणी झाली की शेणखताच्या खेपांची घाई सुरू होते. त्याआधी एक सकाळ ब्रेकसाठी राखून ठेवा.

पहिल्यांदा उतार मोजा. डोळ्याचा अंदाज इथे हमखास चुकतो. मीटरभर लांब सरळ पट्टी घ्या, तिचं वरचं टोक जमिनीवर टेकवा, गवंड्याची पाणसळ ठेवून पट्टी आडवी करा आणि खालच्या टोकाखालची पोकळी मोजा. १५ सेंटिमीटर भरली तर उतार १५ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ अंश. पांदणीवर जिथे सर्वांत खडा भाग असेल तिथलाच आकडा धरा आणि यंत्राच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा.

मग ब्रेक. नांगरणीत, वळणावर एकेक चाक धरायला डावं-उजवं पेडल सुटं ठेवतात. रस्त्यावर आणि उतारावर दोन्ही पेडलं खिटीने जोडलेलीच हवीत, नाहीतर एकच चाक धरलं जातं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. खिटी लावून, डिफरन्शियल लॉक काढून, मोकळ्या सपाट मातीवर चालण्याच्या वेगाने या आणि ब्रेक जोरात दाबा. खाली उतरून मातीतले ओरखडे पाहा. डावा हातभर लांब आणि उजवा पुसट दिसला, तर उजवा ब्रेक कमी धरतोय. तो जुळल्याशिवाय ट्रॉली जोडूच नका.

आता बॅटरीची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की काही यंत्रांत मोटार उलट वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि गाडी धरली जाते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? ते धरणं कमी होतं किंवा थांबतंच. गोठा वरच्या अंगाला असेल आणि रात्रभर चार्जिंग केलं असेल, तर सकाळची पहिली खेप नेमकी अशा वेळी पडते. आधी सपाटीवर संत्र्याच्या ओळींत फवारणी उरका, मग खाली निघा. काही यंत्रांत मोटार मुळीच धरत नाही. सौम्य उतारावर रिकामा ट्रॅक्टर नेऊन पाय काढून पाहा. वेग वाढत गेला तर सगळी भिस्त ब्रेकवर आहे, त्या हिशेबानेच ओझं घाला.

उतरताना गिअर माथ्यावरच खालचा टाका, चारचाकी जोड असेल तर तीही लावा. मधेच क्लच दाबू नका, न्यूट्रल तर कधीच नाही. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वेग वाढलेला कानाला कळत नाही, म्हणून नजर काट्यावर ठेवा: वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर चौपट होतं. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचं भरलेलं वजन ट्रॅक्टरपेक्षा कमी ठेवा. ती मागून ढकलू लागली, वाकडी होऊ लागली, तर ब्रेक किंचित सैल सोडा, गाडी सरळ होऊ द्या आणि मग पुन्हा हळू दाबा. उतारावर आडवं वळू नका. पहिल्या पावसानंतर चिकण मातीत चाकं धरत नाहीत. त्या दिवशी खेप राहू द्या.

चढताना ओझं खालच्या ड्रॉबारलाच जोडा. दोर वर बांधला तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो.

थांबल्यावर हातब्रेक लावा, चावी काढून खिशात घाला, कारण चालू यंत्र आवाज न करताच पुढे सरकतं. मागच्या चाकांना उताराच्या अंगाने दोन मोठे दगड लावा. ते काढायची वेळ आली की एकाने आधी सीटवर बसून ब्रेक दाबून धरावा, आणि दुसऱ्याने दगड बाजूने ओढावेत, चाकासमोर उभं राहून नाही.