स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर झालेला संगणकीय हल्ला आपणांस स्मरत असेलच. पाच सर्व्हर बाधित झाले. बाह्यरुग्ण व प्रयोगशाळेचे काम कित्येक दिवस हातानेच करावे लागले. ई-हॉस्पिटलमधील माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे.

आपल्या दवाखान्यांतील लसीकरणाच्या व बालकांच्या वाढीच्या नोंदींविषयी विचारले, तर "स्नॅपशॉट चालू आहे" असे निश्चिंत उत्तर मिळते. परंतु स्नॅपशॉट ही स्वतंत्र प्रत नव्हे. त्या क्षणानंतर डिस्कचा जो भाग बदलतो, त्याचेच जुने रूप जपले जाते. म्हणून तो क्षणार्धात तयार होतो आणि जागाही थोडी घेतो. चुकून पुसलेली फाईल परत आणण्यास उत्तम. पण न बदललेला सारा मजकूर मूळ डिस्कवरच! ती निकामी झाली की दोन्ही गेले. विंडोजमधील शॅडो कॉपी तर खंडणीखोर प्रोग्राम बहुधा आधीच पुसून टाकतात.

त्याचा खरा उपयोग निराळा आहे. काम सुरू असताना थेट नक्कल केली, तर अर्धी माहिती जुनी, अर्धी नवी अशी विसंगत प्रत हाती येते. यास्तव प्रथम स्नॅपशॉट घ्यावा, त्यावरून बाहेरच्या डिस्कवर नक्कल उतरवावी, आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून घरी न्यावी. महिन्यातून एकदा एखाद्या बालकाची नोंद त्या डिस्कवरून उघडून पाहावी.