नागरिकत्वाचा पहिला कागद

परक्या देशात पुष्कळ वर्षे राहिले म्हणजे मनुष्य आपोआप तेथील नागरिक होतो, असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नव्हे. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यान्वये अठरा वर्षांवरील परदेशस्थास प्रथम न्यायालयाच्या कारकुनापुढे शपथेवर आपला उद्देश जाहीर करावा लागे. त्या लेखात वय, धंदा, जन्मस्थान, ज्या आगबोटीने आला तिचे नाव, इतकेच नव्हे तर ज्या राजाची तो प्रजा असेल त्याचे नाव घेऊन त्याच्यावरील निष्ठा सोडण्याचा हेतूही लिहावा लागे. हिंदुस्थानातून गेलेल्यास अर्थातच इंग्लंडच्या राजाचे नाव घालणे भाग होते! यास लोक ‘पहिला कागद’ म्हणत. एवढ्याने नागरिकत्व मिळत नसे. दोन वर्षांनंतर व सात वर्षांच्या आत मुख्य अर्ज करावयाचा. पाच वर्षांचा सलग निवास, दोन नागरिक साक्षीदार व इंग्रजी बोलता येणे याही अटी होत्या.

परंतु खरा अडसर वर्णाचा होता. १७९० पासून हा हक्क केवळ गोऱ्यांस असे. १८७० त आफ्रिकी वंशाच्या लोकांस तो मिळाला. आपल्या देशातून गेलेले सखाराम गणेश पंडित १९१४ साली कॅलिफोर्नियात नागरिक झाले व पुढे १९१७ त तेथेच वकील झाले. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेही वकील होते. पण १९२३ त सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे असे ठरविले, आणि सरकार पूर्वी दिलेली नागरिकत्वे काढून घेऊ लागले. जुने राष्ट्र शपथेने सोडलेले आणि नवे हिरावलेले, अशा मनुष्याने जावे कोठे? पंडितांवरही फिर्याद झाली. ते स्वतःसाठी झुंजले व १९२६ त अपिलात जिंकले. एकदा रीतसर झालेला निकाल सरकारास पुन्हा उकरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. इतर पुष्कळांचे दैव एवढे चांगले नव्हते. हिंदुस्थान्यांस तो हक्क १९४६ च्या कायद्याने मिळाला, आणि १९५२ पासून पहिला कागद ऐच्छिक झाला.

अमरावती-अकोल्याची मुले आज परदेशी जातात, म्हणून पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व जाते ते परदेशी राहिल्याने नव्हे, तर तेथील नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याने. उलट, परदेशस्थास त्याच कायद्याखाली देशीयकरणाने भारतीय व्हावयाचे असल्यास येथेच राहण्याचा उद्देश असावा लागतो व संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान लागते. तेथे मराठी चालते.